कांझूखाली काय घालावं

क्योटेराच्या बाजारात सालोंगो लुत्वामांचं शिवणाचं दुकान आणि माझं औषधांचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत आहे, तीही पत्र्याची. पलीकडे मशीन चालू असलं की समजायचं, सालोंगो गप्प आहेत. मशीन थांबलं की बोलताहेत. दोन्ही एकदम जमत नाही, म्हणून गिऱ्हाइकाचा कांझू कधी वेळेवर मिळत नाही. पण मिळतो तेव्हा असा मिळतो की माणूस उशीर विसरतो. पायाच्या घोट्यावर बरोबर बोटभर खाली येणारा पांढरा झगा, गळ्याला लालसर कशिदा, आणि कुठे सुरकुती नाही.

त्यांचं खरं नाव येकोयासी. पण चाळीस वर्षांपूर्वी जुळी झाली आणि ते नाव गेलं. जुळ्यांचा बाप तो सालोंगो, जुळ्यांची आई ती नालोंगो. आता नवराबायकोही एकमेकांना असंच हाक मारतात. मला लोक मुसावो म्हणतात, म्हणजे डॉक्टर. मी डॉक्टर नाही, फक्त गोळ्या विकतो, हे सुरुवातीला दोनचार जणांना सांगून पाहिलं. ते म्हणाले, "बरं, मुसावो."

सालोंगो पोटासाठी कांझू शिवत, पण जीव होता तो बोलण्यात. आमच्याकडे मुलगा मुलीच्या घरी क्वांजुलाला जातो, म्हणजे रीतसर मागणी घालायला, तेव्हा स्वतः तोंड उघडत नाही. त्याच्या वतीने एक बोलणारा असतो. मुलीकडूनही एक असतो. दोघं भर मांडवात चारचार तास भांडतात. भांडण खोटं, घाम खरा. मुलीकडचा म्हणतो, कोण तुम्ही, वाट चुकलात काय, या घरात मुलीबिली नाहीत. मुलाकडच्याने टोमणे झेलत, खोटे दंड भरत, गोड बोलत त्याला तिथवर आणायचं की शेवटी मुलीचा बाप म्हणेल, बरं, न्या. सालोंगो सांगत, "माझ्याबरोबर गेलेला एकही नवरा हात हलवत परत आला नाही." तसा कोणाच्याच बरोबर गेलेला येत नाही, सगळं आधी ठरलेलंच असतं. पण हे त्यांना कोण सांगणार?

त्यांची खासियत मात्र बोलण्यात नव्हती, थांबण्यात होती. टोमणा आला की ते लगेच उत्तर देत नसत. खाली बघत. कांझूची बाही सरळ करत. पाचशे माणसांचा मांडव श्वास धरून बसे. आणि मग हळू आवाजात एकच वाक्य. मी एकदा त्यांना विचारलं होतं, "उत्तर सुचायला वेळ लागतो का?" म्हणाले, "उत्तर घरून घेऊन जातो रे. पण गरम वाढलं तर तोंड भाजतं लोकांचं."

दोन वर्षांपूर्वी त्यांचं लघवीच्या वाटेवरच्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ गेली. जाताना थोडी शिस्त घेऊन गेली. "टाका सैल पडलाय," सालोंगो मला म्हणाले, तेवढंच, आणि विषय बदलला. त्यानंतर ते चर्चमध्ये शेवटच्या बाकावर, दाराजवळ बसू लागले. दोन क्वांजुला त्यांनी नाकारले. एकदा घसा बसलाय म्हणून, एकदा गिऱ्हाइकं आहेत म्हणून. लोक म्हणाले, म्हाताऱ्याला गर्व चढला. ते त्यांना बरं वाटलं असावं. गर्वाचा डाग कांझूवर दिसत नाही.

मग त्यांच्या मयत भावाचा मुलगा केफा याचं ठरलं. मुलगी नाबाटांझी, कालिसिझोकडची. घरच्यांची बैठक बसली. केफाचा मामा म्हणाला, "सालोंगोंना कशाला त्रास? मसाक्याला एक पोरगा आहे. स्वतःचे स्पीकर आणतो, मधेमधे गाणं पण म्हणतो."

सालोंगो कोपऱ्यात बसले होते. म्हणाले, "माझ्या भावाच्या मुलाची बायको गाणं म्हणून आणायची?"

"तसं नाही, पण चार तास बसवेल का तुम्हाला? मधे उठून चालत नाही. बोलणारा उठून गेला तर पहिल्या नमस्कारापासून पुन्हा सुरू करायला लावतात ते लोक. शिवाय तिकडून झिम्बे आहे."

झिम्बे म्हणजे मुलीकडचा बोलणारा. पस्तिशीचा, रेडिओवर शेतीच्या जाहिराती करणारा. त्याला समोरच्याच्या बुटाची सुटलेली नाडीही पुरते. एका बिचाऱ्याला त्याने ढेकर दिला म्हणून तीनदा दंड केला होता, आणि तो माणूस पुन्हा कधी कोणाच्या मांडवात उभा राहिला नाही.

"बसवेल," सालोंगो म्हणाले. बैठक संपली. आता मधेच उठले, तर मामा बरोबर ठरणार आणि सालोंगो कायमचे मशीनमागे. हे त्यांना कळत होतं, मामालाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते माझ्याकडे आले. खोकल्याचं औषध घेतलं. त्यांना खोकला नव्हता. तिसऱ्या दिवशी डोकेदुखीच्या गोळ्या घेतल्या. चौथ्या दिवशी दुकान रिकामं झाल्यावर म्हणाले, "मुसावो, ते लहान मुलांना बांधतात ना, ते मोठ्या मुलांचं मिळतं का?"

"किती मोठ्या?"

"अडुसष्ट वर्षांच्या."

मी हसलो नाही. हसलो असतो तर पलीकडे माझी पँट अडकली होती शिवायला. फळीवरून दोन पाकिटं काढून त्यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, "हा डायपर पाठीला प्लास्टिकचा. थेंब बाहेर येत नाही. पण आत गरम होतं, आणि चिकटपट्टी एकदा लावली की लावली. हा कापडी पाठीचा. हवा खेळते, मऊ आहे, पट्टी काढून परत लावता येते. पण फार वेळ वर बसून राहिलात तर बाहेरून ओल लागते."

सालोंगोंनी चष्मा लावला. कापडी पाठ अंगठा आणि बोटात धरून चोळली, उजेडात धरली, ताणली. "हे कापड?"

"कापडासारखं."

"उभा धागा नाही, आडवा धागा नाही. हे कापडाचं सोंग आहे." मग त्यांनी दुसरा उचलला, कानाशी नेला आणि हळूच मूठ आवळली. चुर्रर झालं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच तो आवाज केला. "हा बोलतो."

"वरून पँट, त्यावर कांझू, त्यावर कोट. कोण ऐकणार?"

"झिम्बे."

"त्याला काय एवढे कान आहेत?"

"त्याला दुसरं आहे काय?"

दोन्हीतले दोन दोन नेले. पुढचे तीन दिवस पत्र्यापलीकडे मशीन कमी आणि पाण्याचा आवाज जास्त. चौथ्या दिवशी मला बोलावलं. खुर्चीवर उशी, उशीवर पांढऱ्या कांझूच्या कापडाचा तुकडा, त्यावर कापडी पाठीचा डायपर, त्यात पेलाभर पाणी मोजून ओतलेलं, आणि या सगळ्यावर स्वतः सालोंगो प्लास्टिकची पिशवी पसरून बसलेले. तीन तास तसेच बसून काजं करत होते. माझ्यासमोर उठले, तुकडा ओढून काढला आणि खिडकीत धरला.

"केवढा?"

"पाचशे शिलिंगच्या नाण्याएवढा," मी म्हटलं.

"तीन तासांत नाणं. चार तासांत?"

"बशी."

"पाच तासांत काय, ताट?" ते खाली बसले. "पाणी आणि ते एक नाही, मुसावो. पाणी वाळलं की जातं."

प्लास्टिकवाल्याची परीक्षा घरी झाली. ती मला नालोंगोंनी सांगितली. त्या मीठ घ्यायला निघाल्या होत्या, वाटेत माझ्याकडे थांबल्या. नालोंगो अंगाने भरलेल्या, बोलायला नवऱ्यापेक्षा दुप्पट वेगवान. घरात कोणीतरी थांबतो म्हटल्यावर कोणीतरी चालवायला हवंच.

"मला केळीच्या बागेच्या कडेला उभं केलं," त्या म्हणाल्या. "स्वतः ओट्यावर. कांझू, कोट, सगळं घालून. गुडघे टेकले, उठले. म्हणे, ऐकू आलं? मी म्हटलं, आलं. म्हणे, मागे जा. गेले. यांनी पुन्हा गुडघे टेकले. आता? मी म्हटलं, आता कोंबड्यांनापण आलं, बघा माना वर करून बघताहेत. तर मलाच रागावले. म्हणे, तुला ऐकायचंच आहे म्हणून ऐकू येतं."

"खरंच येतं का एवढं?"

"अहो मुसावो, बाकी कुणाचं नसतं आलं. पण हे मधे थांबतात ना! सगळं शांत करतात, आणि मग स्वतःच चुर्र करतात."

मग सालोंगोंनी उपाय काढला. प्लास्टिकवाल्यावर चढवायला मऊ खोळ शिवायची, आणि ती सालीच्या कापडाची. झाडाची साल कुटून कुटून केलेलं हे तांबूस कापड आमच्याकडे घरोघर एखादं तरी असतं. आवाज अजिबात करत नाही. नालोंगोंनी ते त्यांच्या हातातून ओढून घेतलं.

"मढ्याला गुंडाळायचं कापड जिवंतपणी ढुंगणाला बांधता?"

"पूर्वी राजेसुद्धा वापरायचे."

"खांद्यावर वापरायचे. खाली उतरवलं नव्हतं कोणी अजून."

मग दुसऱ्या जाड सुती कापडाची खोळ झाली. आवाज निम्मा झाला, पण सालोंगो चालायला लागले की बदक. त्यात उकाडा असा की पंधरा मिनिटांत कपाळावरून धारा. खोळ गेली आणि तिचं चहाच्या किटलीला टोपडं झालं.

"मी यांना सोपं सांगितलं," नालोंगो म्हणाल्या. "झिम्बेला फोन करा. नाहीतरी तुम्ही दोघं फोनवर सगळं ठरवताच ना? कोणता विनोद आधी, कोणता दंड कुठे. त्यातच सांगायचं, दोन तासांनी जरा नाच ठेव, मला मागे जाऊन यायचंय. त्यालाही म्हातारा बाप असेल."

हे खरं होतं. दोन्हीकडचे बोलणारे आदल्या आठवड्यात सगळं बोलून घेतात, आणि मांडवात पहिल्यांदाच भेटल्यासारखे डोळे वटारतात. सालोंगोंनी फोन केलाही होता. वीस मिनिटं बोलले. मी पत्र्याला कान न लावता सगळं ऐकलं. कोंबड्याचा विनोद झाला, वाट चुकल्याचा झाला, सासूच्या पलंगाचा रद्द झाला कारण चर्चचे लोक येणार होते. ती एक गोष्ट सोडून सगळं झालं.

मी विचारलं तर म्हणाले, "जो माणूस माझी खोड काढायला उभा राहणार, त्याच्या हातात काठी मीच देऊ?"

"मग कोणता घालताय?"

"कापडी," ते म्हणाले. "ओल चार तासांनी येईल. आली तर येईल. तोवर मी मुलगी घेतलेली असेन. आवाज पहिल्या मिनिटापासून येतो. माझं निम्मं बोलणं गप्प बसण्यात आहे, आणि त्या गप्प बसण्यात जर काही चुरचुरलं, तर मग तो मसाक्याचा पोरगा काय वाईट होता?"

 मी त्यांना कापडी पाठीचं पाकीट दिलं. बरोबर असू दे म्हणून नालोंगोंनी प्लास्टिकवाले दोन पिशवीत टाकले.

शनिवारी आम्ही साठ माणसं तीन गाड्यांतून निघालो. कालिसिझोच्या अलीकडे उतरून सगळ्यांनी कपडे बदलले, पुरुषांनी कांझू, बायकांनी टोकदार खांद्यांचे गोमेसी झगे, आणि डोक्यावर टोपल्या घेऊन रांग लावली. अकराला आत घेणार होते. साडेबाराला घेतलं. मुलीचा थोरला काका अजून पोचला नव्हता, आणि काकाशिवाय मुलगी द्यायची नाही असं त्यांच्याकडे ठरलेलं. म्हणून उन्हात उभे. सालोंगोंचे चार तास तिथपासूनच मोजायला लागले, हे आमच्यात तिघांनाच ठाऊक.

आत दोन मांडव समोरासमोर. झिम्बे हातात बिनवायरचा माईक घेऊन मधल्या मोकळ्या जागेत.

"हे पांढरेपांढरे कोण आलेत?" त्याने सुरुवात केली. "बगळे आहेत काय? बाई, आपल्याकडे मासे उरलेत का?"

त्यांच्या बाजूच्या बायका खिदळल्या. सालोंगो उभे राहिले. बाही सरळ केली. थांबले. मांडव गप्प झाला आणि कुठूनही काही चुरचुरलं नाही. "आम्ही रस्ता विचारायला आलोय, सेबो," ते म्हणाले, साहेब म्हणावं तशा अदबीने.

"कुठला रस्ता?"

"परतीचा."

"तो आलात तोच!"

"माहीत आहे. पण त्या रस्त्याने एकट्या पोरांना फार एकटं वाटतं म्हणतात."

आमच्या बाजूने टाळ्या पडल्या. केफाचा मामासुद्धा वाजवत होता, जरा उशिरा. पहिला तास असा गेला की मला वाटलं, उगाच आपण काळजी करत होतो. कोंबड्याचा विनोद झाला. वाट चुकल्याचा झाला. मुलींचे घोळके नाचत आले, झिम्बेने विचारलं ही का, सालोंगो म्हणाले ही छान आहे पण आमची नाही. लहान मुली आल्या, ताया आल्या, आत्या आल्या. झिम्बे म्हणाला, "यातली पण नाही? मग तुम्हाला काय माझी बायको हवी?" सालोंगो म्हणाले, "तिला विचारा. आमची ना नाही."

काका आला नाही. गाडीचं चाक बसलंय असा निरोप आला. झिम्बेच्या ठरवलेल्या गोष्टी संपल्या आणि तो न ठरवलेल्या काढू लागला. बुटांचा दंड, टोपलीला फूल नाही म्हणून दंड, पाहुणे उजव्या पायाने आत आले म्हणून दंड. आमच्या बायकांनी पाकिटं पुढे केली, पुन्हा केली. तिसरा तास गेला.

मी दोन रांगा मागे बसलो होतो. सालोंगो आता पाठ टेकत नव्हते. दोन्ही हात गुडघ्यांवर, कोट पुढे ओढलेला. उत्तरं बसूनच देत होते, आणि थांबणं आणखी लांबलं होतं. लोकांना वाटलं, काय कला आहे! नालोंगो बायकांच्या रांगेतून माझ्याकडे बघत होत्या. मी नजर चुकवली. मी तिथे माल विकलेला माणूस होतो.

साडेचारला काका आला. झिम्बे बिचारा खरंच थकला होता. त्याने माईक उंच केला. "सालोंगो, आता उठा. मुलीच्या वडिलांसमोर या, आणि उभं राहून मागा."

सालोंगो उठले नाहीत.

"ऐकू येतंय का? उठा."

सालोंगोंनी बाही सरळ केली.

"खुर्ची आवडली वाटतं," झिम्बे म्हणाला. "मुलीबरोबर खुर्चीपण मागायला आलात काय? यादीत नव्हती बरं का!"

दोन्ही मांडव हसले. मामा हसला नाही, तो आमच्यातल्या एकाच्या कानात काही सांगू लागला. सालोंगो खाली बघत राहिले. आतापर्यंतचं त्यांचं हे सगळ्यांत लांब थांबणं होतं, आणि मला खात्री आहे की यावेळी उत्तर घरून आणलेलं नव्हतं.

"सेबो," ते म्हणाले, "माईक जरा इकडे द्या."

झिम्बेने दिला. त्यांनी तो तोंडापासून थोडा लांब धरला, माप घेताना टेप धरतात तसा.

"दोन वर्षांपूर्वी माझं ऑपरेशन झालं. तेव्हापासून मला बांधून बसावं लागतं. बांधायचं दोन प्रकारचं मिळतं. एक वाजतं, एक झिरपतं. वाजणारं घालून तुमच्यासमोर यायची मला लाज वाटली, म्हणून झिरपणारं घातलं. ते चार तासांचं होतं. तुम्ही आम्हाला साडेपाच तास ठेवलंत. ही खुर्ची आता तुमच्या कामाची राहिलेली नाही, तिचा दंड मी भरेन. असाच उठून मागा म्हणाल, तर उठतो. बायकांनी हवं तर दुसरीकडे बघावं. बदलून येऊन मागा म्हणाल, तर बदलून येतो, आणि पहिल्या नमस्कारापासून सुरू करतो. पण न मागता मी जाणार नाही. मुलगा माझ्या भावाचा आहे."

माईक त्यांनी झिम्बेला परत दिला. झिम्बेने तो बंद केला. माझ्या माहितीत असं पहिल्यांदाच घडलं.

समोरच्या मांडवात पहिल्या रांगेत मुलीचे आजोबा होते, जज्जा मुतेसासिरा. ऐंशीच्या पुढचे, दुपारभर काठीवर हनुवटी टेकून बसलेले. आम्हाला वाटत होतं झोपलेत. ते काठी टेकत उभे राहिले.

"देवा रे," ते मोठ्याने म्हणाले, "शेवटी बोललं कोणीतरी! दोन तास झाले मी मांडीवर मांडी दाबून बसलोय. संडास कुठे आहे?"

"जज्जा," झिम्बे म्हणाला, "अजून मागणी व्हायची आहे, मधे उठलं तर दंड..."

"कर. मला कर. याला कर," त्यांनी शेजारच्या म्हाताऱ्याकडे बोट केलं. तोही उठला होता. "हा तुझ्या बापाचा मित्र आहे, त्याला दुप्पट कर."

मग रांगच लागली. त्यांच्याकडचे पाच, आमच्याकडचे सात, पांढऱ्या कांझूतले म्हातारे घराच्या मागल्या बाजूला निघाले. कोणी कोणाकडे बघत नव्हतं आणि सगळे एका दिशेला चालले होते. केफाचा मामाही त्यात होता. त्याचं वय बासष्ट आहे, हे मी सहज सांगून ठेवतो. सालोंगो उठले ते या गर्दीत उठले. नालोंगो पिशवी घेऊन मागोमाग. डाग होता. बशी नाही, ताटही नाही, मधलं काहीतरी.

मागच्या खोलीत नालोंगोंनी पिशवी उघडली. दोन्ही प्रकार होते. मी दारात उभा होतो, कोणाचा तरी कोरडा कांझू मिळवून आणलेला.

"प्लास्टिकवाला दे," सालोंगो म्हणाले.

"वाजेल."

"वाजू दे. आता त्याला काय वेगळं सांगायचं राहिलंय?"

कांझू केफाच्या एका मित्राचा होता, बुटक्या मुलाचा. सालोंगोंच्या पोटरीपर्यंतच आला. ते आरशासमोर उभे राहिले आणि पहिल्यांदा त्यांचा चेहरा खरोखर पडला. "कोणी शिवलाय हा? खालची पट्टी बघ, डोळे मिटून घातलीय. या अवतारात मी मुलगी मागू?" डागापायी त्यांनी जेवढी लाज धरली नव्हती तेवढी त्या पट्टीपायी धरली. नालोंगोंनी त्यांना अक्षरशः ढकलून बाहेर काढलं.

पहिल्या नमस्कारापासून सुरू झालं. पण यावेळी सगळे हलके होऊन बसले होते, त्यामुळे पंधरा मिनिटांत संपलं. सालोंगो मधल्या जागेत गेले, मुलीच्या वडिलांसमोर गुडघे टेकले. चुर्र झालं. स्पीकरमधून आलं, सगळ्यांना आलं. एक लहान पोर हसलं, त्याच्या आईने त्याच्या तोंडावर हात ठेवला. सालोंगो तसेच थांबले, नेहमीसारखे. मग म्हणाले, "आमच्या घरी चार खोल्या आहेत, म्हशीच्या शिंगासारखे वाकडे तीन पुरुष आहेत, आणि एक सरळ मुलगा आहे. सरळ माणसाला वाकड्यांत राहणं जड जातं. त्याला सोबत द्या."

मुलीच्या वडिलांनी दिली. देणारच होते.

नंतर क्योटेरात याच्या सात-आठ आवृत्त्या झाल्या. एकीत सालोंगो मांडवातच कपडे बदलतात. दोन घरांनी ठरलेलं बोलणं काढून घेतलं. एकाने तर मला येऊन विचारलं की हा रोग लागण्यासारखा आहे का. मामाने मसाक्याच्या पोराचा नंबर सगळ्यांना वाटला. महिनाभर सालोंगो शिवतच होते, आणि कांझू वेळेवर मिळत होते. हे लक्षण काही चांगलं नव्हतं.

मग एका सकाळी मोटरसायकलच्या मागच्या सीटवरून जज्जा मुतेसासिरा माझ्या दारात उतरले. बाकावर बसले, काठी दोन गुडघ्यांमध्ये धरली.

"ते दे रे मुसावो. वाजतं आणि झिरपतं."

"कोणतं?"

"तेच तर विचारायला आलोय."

मी म्हटलं, मी फक्त विकतो, आणि शेजारून सालोंगोंना हाक मारली. ते गळ्यात टेप तसाच घेऊन आले. दोन्ही पाकिटं उघडून म्हाताऱ्याच्या मांडीवर ठेवली, आणि मापं घेताना विचारतात तसं एकेक विचारू लागले.

"दिवसात किती वेळ बसता?"

"उठतो कुठे?"

"घरात कोण असतं?"

"रेडिओ."

"मग वाजलं काय, न वाजलं काय. पण प्लास्टिकमध्ये दिवसभर बसलात तर कातडी सोलेल, या वयात परत येत नाही ती. घरी कापडी घाला, दर दोन-तीन तासांनी बदला, लाज धरू नका. प्रवासाला निघालात तरच प्लास्टिकचा."

"मी प्रवासाला कशाला जाऊ? कोण बोलावतंय?"

 सालोंगोंनी कापडी पाठीचं पाकीट मिटवलं, मग प्लास्टिकचंही मिटवलं आणि दोन्ही जज्जांच्या पिशवीत घातली.

"मी बोलावतोय," ते म्हणाले. "पुढच्या शनिवारी राकाईला एक क्वांजुला आहे. मुलाकडचे अजून हो-ना करताहेत, पण मी जाणार. मला आमच्या मांडवात एक म्हातारा हवाय. वयाने एवढा मोठा, की त्याला दंड करायची कोणाची छाती होणार नाही. दोन तास झाले की त्याने उठायचं."

"आणि उठून काय म्हणू?"

"तुम्ही फक्त उठा, जज्जा. बोलायचं काम माझं."